आईची वही रद्दीत देऊ नका

पत्र

आई गेली त्याला दहा महिने झाले. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना एक छोटी पुस्तिका द्यायची असं भावाने ठरवलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आई पाटण तालुक्यातली. 1970 साली लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली. बाबा गिरणीत होते. आईने घरातच खानावळ घातली, अठरा मेंबर जेवायचे. संपानंतर खानावळ बसली. बाबांनी पुन्हा काम धरलं नाही, ते पिऊ लागले. आईने ऑफिसांचे डबे, पापड, मसाला करून घर ओढलं, आम्हा दोघांना शिकवलं. माझा मुलगा झाल्यावर ती डोंबिवलीला माझ्याकडे आली आणि त्याला तिनेच वाढवला. शेवटची दोन वर्षं तिला कुणी ओळखू येत नव्हतं. मला ती तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायची.

लिहायला बसले की ‘प्रेमळ, कष्टाळू, सुगरण, नातवंडांवर जीव टाकणारी’ याच्या पुढे जात नाही. भाऊ म्हणतो, तेवढंच लिही; कर्जं, बाबांचं पिणं, तिचं आजारपण लोकांना कशाला सांगायचं? मुलगा म्हणतो, ही तर कुणाचीही आजी होईल. शिवाय एक गोष्ट मला खाते. शाळेत असताना आईची खानावळ आहे हे मी मैत्रिणींपासून लपवायचे. ते लिहू का?

आईच्या ट्रंकेत खानावळीची एक जुनी वही सापडलीय. नावं, खाडे, रकमा. 1982 च्या पानांवर बऱ्याच जणांच्या रकमा तशाच आहेत, त्यावर काट मारलेली नाही. भाऊ ती रद्दीत देणार होता, मी काढून ठेवली.

— एक लेक, डोंबिवली

उत्तर

ताई,

तुमचा मुलगा बरोबर बोलला. त्या चार शब्दांत खोटं काही नाही, पण वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातींत रोज तेच छापून येतं. फोटो झाकला तर कुठली आई कुणाची ते कळणार नाही. तुम्ही आईच्या स्वभावापासून सुरुवात करताय, म्हणून अडताय. तिच्या कामापासून सुरुवात करा. आणि ते काम तर तुमच्या हातात आहे, त्या वहीत.

वही काढून ठेवलीत, फार चांगलं केलंत. आज पहिली गोष्ट ही करा की दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बसून तिच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. कोरी पानं आणि आतला-बाहेरचा पुठ्ठासुद्धा सोडू नका. पुठ्ठ्यावर बायका दुकानदाराचा हिशेब लिहितात, मुलांच्या परीक्षेच्या तारखा लिहितात. फोटो भावाला आणि मुलाला लगेच पाठवून द्या, म्हणजे वही एकाच्याच भरवशावर राहणार नाही.

मग एका महिन्याचं एक पान घ्या आणि त्यावरून तिचा एक दिवस मांडून बघा. अठरा मेंबर. माणशी तीन भाकऱ्या धरल्या तरी एका वेळच्या चोपन्न, दोन वेळच्या शंभरावर. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, म्हणजे सगळे एकदम जेवायला येत नसणार. पहिल्या पाळीचा माणूस भल्या पहाटे डबा घेऊन जाणार, दुसऱ्या पाळीचा मध्यरात्री भोंगा झाल्यावर येणार आणि त्याचं ताट झाकून ठेवायचं. चाळीतली एक खोली, त्यात तुम्ही चौघं, भिंतीला लागून धान्याचे डबे, पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचं. रविवारी एकच वेळ जेवण, पण त्या दिवशी फिस्ट. महिनाअखेर प्रत्येकाचे खाडे मोजून रक्कम काढायची आणि पगाराच्या दिवशी वसूल करायची, कारण तो दिवस हुकला तर पैसे गुत्त्यात जाणार. यातलं तुमच्या घरी नेमकं कसं होतं ते तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तिथे भावाला विचारा. हे सगळं लिहा. कष्टाळू हा शब्द एकदाही लिहायची गरज पडणार नाही.

आणि याला धंदा म्हणा. तुमच्या पत्रात बाबा ‘गिरणीत होते’ आणि आईने ‘खानावळ घातली’, अशी ती मागे पडलीय, जणू फावल्या वेळात काही करत होती. अठरा माणसांचं दोन वेळचं जेवण, उधारी, वसुली, धान्याचा साठा, भाव वाढला की दर वाढवायचा की आमटी पातळ करायची याचा निर्णय, हे सगळं एक बाई सांभाळत होती. गिरणगाव, म्हणजे लालबाग-परळचा कापड गिरण्यांचा भाग, उभं राहिलं त्यात अशा बायकांचा मोठा वाटा आहे. कोकणातून, घाटावरून आलेले बहुतेक कामगार बायकामुलांना गावी ठेवून यायचे आणि एका खोलीत अनेक जण पाळीपाळीने झोपायचे. त्यांच्या पोटात घरचं अन्न जायचं ते खानावळवालीच्या हातचं.

आता भावाचा कर्जाचा मुद्दा. त्याला लाज वाटते ती मी समजू शकते. पण खानावळवालीचं कर्ज म्हणजे तिचं भांडवल होतं. मेंबर महिन्याने पैसे देणार आणि धान्य, रॉकेल, भाजी मात्र आज लागणार, ही मधली फट भरायला तिच्यापाशी दोनच वाटा होत्या: वाण्याची उधारी, नाहीतर सावकार. व्याज जबर असायचं आणि गळ्यातलं मंगळसूत्र गहाण पडायचं. हे इतक्या घरांत होत होतं की 1975 साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्जं मिळवून दिली. तारण ठेवायला काही नसलेल्या या बायकांनी एकमेकींची हमी घेतली. तुमची आई त्यात होती की नाही मला सांगता येणार नाही, पण ट्रंक पुन्हा एकदा नीट बघा. एखादं पासबुक, सभासद कार्ड, गहाणवटीची पावती, कुठल्या मोर्चाचा बिल्ला असं काही तळाच्या कागदाखाली असू शकतं. भावाला म्हणावं, कुठल्याही दुकानदाराच्या चरित्रात ‘कर्ज काढून धंदा वाढवला’ हे वाक्य अभिमानाने येतं. आईच्या वेळी ते लपवायचं कारण काय?

1982 ची पानं हा तुमच्या पुस्तिकेचा गाभा आहे असं मला वाटतं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. पहिल्या काही महिन्यांतच सडे राहणारे पुरुष गावाकडे निघून गेले. म्हणजे तुमच्या आईच्या वहीतले मेंबर. संपाच्या गोष्टीत नेते येतात, मालक येतात, घरी बसलेला कामगार येतो. त्या कामगाराचं जेवणाचं बिल ज्या बाईकडे थकलं, ती फार क्वचित येते. तुमच्याकडे तर तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली नोंद आहे. त्या वर्षीचं जानेवारीचं पान आणि नंतरची दोन-तीन पानं शेजारी शेजारी छापा. नावं कशी कमी होत गेली ते वाचणाऱ्याला दिसू दे.

इथे दोन गोष्टी सांभाळा. छापताना नावं झाका. ज्यांच्याकडे बाकी राहिली त्यांची मुलंनातवंडं आज कुणाच्या ना कुणाच्या ओळखीची असतील आणि पन्नास-साठ रुपयांपायी त्यांच्या बापाचं नाव चारचौघांत यायला नको. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काट न मारलेल्या रकमा बघून ‘तिने मोठ्या मनाने सगळं सोडून दिलं’ असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. तिने मागितलेच नाहीत, की मागून मिळाले नाहीत, की कधीतरी वसूल होतील म्हणून वही जपून ठेवली, हे वही सांगत नाही. कदाचित ती कित्येक वर्षं मनातून चिडलेली असेल, आणि तिला चिडायचा पूर्ण हक्क होता. कुणाला माहीत असेल तर विचारा. नाही कळलं तर जेवढं पानावर आहे तेवढंच लिहा: इतक्या जणांचे इतके रुपये यायचे राहिले, आणि वही तिने चाळीस वर्षं ट्रंकेत ठेवली.

विचारायचं कुणाला? आधी मावशीला, जिच्या नावाने आई तुम्हाला हाक मारायची. ती हयात असेल तर या आठवड्यातच फोन करा, जमलं तर जाऊनच या. ‘आईबद्दल काही सांग’ असं मात्र विचारू नका. असं विचारलं की म्हातारी माणसं डोळ्यांना पदर लावतात आणि ‘फार गुणाची होती गं’ म्हणतात, म्हणजे आपण पुन्हा त्या चार शब्दांवर येतो. बारीक विचारा. दोघी पाणी कुठून आणायच्या? शाळा कितवीपर्यंत, आणि बंद का झाली? पहिल्यांदा मुंबईला आली तेव्हा एस्टीने की कशी, आणि बरोबर कोण होतं? लग्नात नाव बदललं का, माहेरचं नाव काय होतं? ते माहेरचं नाव पुस्तिकेच्या पहिल्या पानावर सासरच्या नावाबरोबर छापा.

तारखा आठवणार नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. त्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना 1 जून ठोकून दिलेली आहे. आईच्या कागदांवर तीच असली तर त्यावर फार विसंबू नका. बायका वर्षं वेगळ्या खुणांनी धरून ठेवतात, त्या खुणा तुम्ही मावशीपुढे ठेवा. आई पाटण तालुक्यातली, तेव्हा कोयनेचा भूकंप तिने अनुभवलेला असणार. 11 डिसेंबर 1967, पहाटे चारच्या सुमारास. लग्नाआधी तीन वर्षं. घर पडलं का? कुणी गेलं का? त्यानंतर किती रात्री उघड्यावर झोपले? अशा एका प्रश्नावर मावशी तासभर बोलेल. मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा, तिला सांगून. जात्यावरची एखादी ओवी दोघींना येत होती का, तेही विचारा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या जमवल्या त्या अशाच, बायकांच्या शेजारी बसून, आणि ओवी कुणी गायली, कुठल्या गावची, याचीही नोंद ठेवली. तुम्हाला एक मिळाली तरी पुरे. मिळाली तर आईचं आणि मावशीचं, दोघींची नावं तिच्याखाली घाला.

आजारपणाबद्दल भावाशी मी सहमत नाही, पण अर्धीच. त्या दोन वर्षांतले फोटो छापू नका. ते तिला आवडले नसते, एवढं कारण बस्स. पण ती दोन वर्षं गाळूनही टाकू नका, कारण लहान नातवंडांना कदाचित तीच आजी आठवत असेल, आणि पुस्तिकेत ती सापडली नाही तर त्यांना वाटेल की आपण काहीतरी लाजिरवाणं पाहिलं. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट आहे. विस्मरणाच्या आजारात बहुधा अलीकडचं आधी जातं आणि जुनं जास्त काळ टिकतं. ती तुम्हाला बहिणीच्या नावाने हाक मारून काय बोलायची? ‘गाय सोडली का’ म्हणायची, की ‘आये ओरडंल’ म्हणायची? जे आठवेल ते, तुटक असलं तरी, जसंच्या तसं तिच्या बोलीत लिहून काढा आणि मावशीला वाचून दाखवा. तुम्हाला जी बडबड वाटली ती तिच्या माहेरच्या अंगणातली खरी बोलणी निघतील अशी मला बरीच आशा आहे.

बाबांचं पिणं. इथे मी तुम्हाला मुरड घालायला सांगेन. ही पुस्तिका आईची आहे आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी, जेवणाच्या पंगतीत, बाबांच्या माणसांच्या हातात ती जाणार आहे. ‘संपानंतर बाबा पुन्हा कामाला लागले नाहीत आणि घर आईच्या डब्यांवर चाललं’ हे एक वाक्य ठेवा. ते खरं आहे आणि त्याच्याशिवाय तिचं पुढचं आयुष्य समजतच नाही. पिण्याचा उल्लेख भावाला खुपत असेल तर सोडा. काम गेलेल्या माणसाचं काय होतं हे गिरणगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मात्र बाबांना सांभाळून घ्यायच्या नादात ‘दोघांनी मिळून संसार सावरला’ असं लिहू नका. तिने सावरला.

आणि तुम्हाला खाणारी गोष्ट. हो, लिहा. पण चार ओळींत, आणि तुमच्या पश्चात्तापाबद्दल कमी, त्या वेळच्या तुमच्याबद्दल जास्त. कुठली शाळा, मैत्रिणी कोण, ‘तुझी आई काय करते’ याला तुम्ही काय उत्तर द्यायचात, दप्तराला मसाल्याचा वास येतो म्हणून काय काय करायचात. ते वाचणाऱ्या तुमच्या वयाच्या निम्म्या बायकांना आपली आई आठवेल. आईला हे माहीत होतं का, असा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नाही, पण तो तुमच्या मनात आहे असं वाटतं. अठरा पुरुषांच्या चेहऱ्यावरून कोण पगार उडवून आलाय हे ओळखणारी बाई होती ती. तिला माहीत असणार. आणि तिने तुम्हाला त्याच शाळेत शिकवलं, त्याच डब्यांच्या पैशांवर, त्या पैशांचा उगम तुम्ही सांगत नव्हतात तरी. क्षमा वगैरे शब्द यात मी आणणार नाही, तिने तसं काही म्हटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पण तिने काय केलं ते तर समोर आहे.

आता नातू. त्याची पानं त्यालाच लिहू द्या. त्यालाही ‘आजीबद्दल दोन शब्द’ असं सांगू नका. शाळेतून आल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलायची, कशावरून रागवायची, खाऊ कुठे लपवायची, अभ्यास घेताना काय चुकवायची, हे विचारा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि गाड्या बंद पडल्या, तेव्हा तुम्ही कुठे अडकला होतात आणि घरी त्याच्यापाशी कोण होतं? ती रात्र त्याच्या बाजूने आणि तुमच्या बाजूने, दोन्ही लिहा. तुमची नोकरी खरं तर दोन बायकांनी केली आहे. एक लोकलने गेली, दुसरी घरी राहिली, आणि दुसरीला पन्नाशी उलटल्यावर, अठरा मेंबर, ऑफिसचे डबे आणि दोन मुलं झाल्यानंतर पुन्हा पहिल्यापासून लंगोट धुवायला लागले. तिने ते आनंदाने केलं असेल, पण तरी ते काम होतं. तिला त्या वर्षांत गावी जायचं होतं का, पंढरीला जायचं राहून गेलं का, याचाही शोध घ्या. जीव टाकणारी आजी म्हणताना आपण तिची स्वतःची एखादी इच्छा होती की नाही हे विचारायचं विसरतो.

मुलाच्या फोनवर आजीचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप असतील तर ते आजच काढून दुसरीकडे ठेवायला सांगा, संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी, प्रत्येकाला तारीख आणि दोन शब्दांचं नाव देऊन. आईचा फोनही तसाच कपाटात पडला असेल तर चार्ज करून बघा. बराच काळ वापर नसला की नंबर बंद होतो आणि पुढे कुणा दुसऱ्याला दिला जातो, व्हॉट्सॲपचं खातंही पुसलं जातं. फोटो मिळतात इकडून तिकडून, आवाज मिळत नाही.

मसाल्याला एक पूर्ण पान द्या. पाटणची बाई, म्हणजे कांदा-लसूण मसाला असणार, आणि घराजवळच लालबागची मिरची गल्ली. कुठली मिरची किती, ब्याडगी-संकेश्वरीचं प्रमाण काय, कांदा उन्हात वाळवायची की तेलात तळायची, डंकावर कुटायला कुठे न्यायची. प्रमाण वाटी-चमच्यांत बसवायला जाऊ नका. ती ‘मूठ’ म्हणायची तर मूठच लिहा आणि अठरा माणसांचंच प्रमाण द्या. ज्याला करायचंय तो भागाकार करेल.

छपाईचं थोडक्यात. मधे पिना मारलेली पुस्तिका असेल तर पानं चाराच्या पटीत लागतात. चोवीस पुरतील. मुखपृष्ठावर फुलं, दिवा, देवाचा फोटो नको. तिचा कामाच्या वेळचा फोटो असेल तर तो, नसेल तर वहीचं पान. शेवटचं एक पान रेघा मारून कोरं ठेवा आणि पंगत आटोपल्यावर आलेल्यांना तिथेच पेन द्या. चाळीतली जुनी शेजारीण आली असेल तर तिच्याजवळ मुलाला बसवा, ती सांगेल आणि तो लिहील.

प्रती मोजताना नातेवाइकांच्या आकड्यावर दहा जादा धरा. वहीतली नावं घेऊन मावशीकडून, बाबांच्या जुन्या सोबत्यांकडून चौकशी करा. त्यातले काही जण आज सातारा-पाटणकडे गावी असतील, ऐंशीच्या घरात. जो सापडेल त्याला एक प्रत टपालाने पाठवा. सोबत थकलेल्या पैशांचा विषय काढू नका, फक्त तुमचा फोन नंबर लिहा.